अठ्ठावीस मीटरचा भ्रंश

आंबीच्या कोमलने कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा ते नेमकं कशाशी खातात हे तिच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर तिलाही नव्हतं. केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या, जिऑलॉजीच्या मोकळ्या होत्या, एवढी साधी गोष्ट. पण माणसाचा जीव कशात अडकेल याचा काही नेम नसतो. ज्या काळ्या दगडावर बसून आपण लहानपणी चिंचा खाल्ल्या तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या रसासारखा वाहत आला होता, हे पहिल्या वर्षी कळलं आणि पोरगी कामातून गेली. वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून लोणावळ्याला जाताना ती रस्त्यासाठी फोडलेला डोंगर दिसला की गाडी थांबवायला लावायची. दत्तोबा थांबवायचे. आंबीच्या एका कारखान्यात ते माल तपासायच्या खात्यात होते, त्यामुळे एखादी वस्तू निरखून बघणाऱ्या माणसाबद्दल त्यांना आदर होता. "बघ सावकाश," म्हणायचे, "दगड काय पळून जात न्हाई."

चौथ्या वर्षाला ऑनर्सचं संशोधन आलं. साडेसातच्या वर सीजीपीए असलेल्या सहाच जणांना ते मिळालं, त्यात कोमल होती. मार्गदर्शक म्हणून तिच्या वाट्याला सुहास सर आले आणि वर्गातल्या बाकीच्यांनी तिला सहानुभूती दाखवली. सर चांगले होते, पण चुकलेल्या स्पेलिंगलासुद्धा लाल शाईने गोल करायचे आणि कौतुक तर मीठ टाकावं तसं चिमटीने. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार होते.

विभागाच्या व्हरांड्यात एक नकाशा काचेत लावलेला होता. तीसएक वर्षांपूर्वी सरांनी पीएचडी करताना नाणे मावळातल्या एका डोंगराचा काढलेला. त्या नकाशात मधोमध एक जाड काळी रेघ होती. पोरं तिला 'सरांचा भ्रंश' म्हणायची. दर वर्षी तिसऱ्या वर्षाची सहल त्या डोंगराच्या पायथ्याशी उभी राहायची, सर हात वर करून रेघ कुठून जाते ते दाखवायचे, पोरं मान हलवायची आणि मग सगळे कामशेतला मिसळ खायला जायचे.

भ्रंश म्हणजे काय, तर जमीन चिरते आणि चिरेची एक बाजू खाली घसरते. सरांना तो कसा सापडला तेही सोपं होतं. एक लाव्हा येऊन थिजला की दुसरा यायच्या आत मध्ये हजारो वर्षं जातात, तेवढ्यात पहिल्याच्या अंगावर माती जमते. मग दुसरा लाव्हा वरून येतो आणि ती माती कुंभाराच्या आव्यातल्या मडक्यासारखी भाजून निघते. काळ्या कड्यात जी तांबडी पट्टी दिसते ती हीच. ही पट्टी बहुधा एका पातळीत जाते. या डोंगरात मात्र ओढ्याच्या पश्चिमेला ती आठशे वीस मीटर उंचीवर होती आणि पूर्वेला सातशे ब्याण्णववर. म्हणजे पूर्वेची बाजू अठ्ठावीस मीटर खाली गेलेली. सरांनी ओढ्यावरून रेघ मारली. त्यावर त्यांचा निबंध छापून आला आणि पुढे दोन-चार जणांनी आपापल्या निबंधांत त्याचा दाखलाही दिला.

"आमच्या वेळी उंची मोजायची साधनं कच्ची होती," सर कोमलला म्हणाले. "तू नीट मोज, नमुने घे. माझी रेघ पक्की करून दे, म्हणजे मी सुटलो."

एवढं बोलून ते हसलेही. सर हसले ही गोष्ट कोमलने त्या दिवशी घरी दोनदा सांगितली.

दिवाळीनंतर तिचं काम सुरू झालं. शनिवार-रविवार ती अ‍ॅक्टिव्हा घेऊन आंबीहून वडगाव, कामशेत करत डोंगराच्या पायथ्याच्या कळकवाडीला जायची. महादेव कोळ्यांची वीस-बावीस घरं. पहिल्याच घरात सावित्राबाई राहायच्या, पन्नाशी उलटलेल्या, अंगाने काटक. त्यांच्या अंगणात गाडी लावायची, हंड्यातलं पाणी बाटलीत भरून घ्यायचं आणि चढायला लागायचं, असा कोमलचा शिरस्ता पडला. पोरगी डोंगरात एकटी हिंडते हे सावित्राबाईंना पटत नसे. ती काय शोधते हे मात्र त्यांनी कधी विचारलं नाही, आणि कोमलनेही आपणहून सांगितलं नाही. 'मावशी, कॉलेजचं काम आहे' एवढ्यावर दोघींचं भागलं.

माणसाच्या डोक्यात एकदा एक गोष्ट बसली की डोळे तीच दाखवायला लागतात. भ्रंश आहे हे ठाऊकच होतं, त्यामुळे ओढ्यातली प्रत्येक भेग कोमलला भ्रंशाची वाटू लागली. तिने चाळीस पानं लिहिली, फोटो चिकटवले. पूर्वेच्या बाजूला वरच्या कड्याशी जायचं तेवढं राहिलं होतं. तिथे आग्या मोहळं लटकलेली असायची आणि सरांनी निक्षून सांगितलं होतं की तिकडे फिरकायचं नाही, मीही गेलो नव्हतो. तिथला तांबडा थर तर सातशे ब्याण्णववर सापडलेलाच होता, मग वर जाऊन करायचं काय?

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सरांनी नमुन्यांच्या पिशव्या बघितल्या आणि पूर्वेचा नमुना परत आणायला लावला. वरचा नको, उन्हापावसाने खराब झालेला असतो, दोन-अडीच फूट आतला आण. प्रबंध द्यायला बारा दिवस उरले होते. कोमल कुरकुरत गेली. सावित्राबाईंकडून कुदळ मागून घेतली आणि ओढ्याकाठच्या सपाटीवर, जांभळीच्या झाडाशेजारी, त्या तांबड्या थरात खणायला बसली.

अडीच फुटांवर तिला हिरव्या बांगडीचा तुकडा सापडला.

आधी तिला हसू आलं. वरून पडला असेल. पण आणखी अर्ध्या फुटावर दुसरा निघाला, त्याच्याजवळ तिसरा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बांगड्या भरणारं कुणी नव्हतं हे तर पहिल्या वर्षाचा पोरगाही सांगेल. कोमल फतकल मारून बसली आणि जे तिने तीन महिन्यांत केलं नव्हतं ते केलं. त्या मातीकडे नुसतं बघितलं. तिच्यातले सगळे खडे बोराएवढे होते. एकही बारीक नव्हता. नैसर्गिक थरात लहान-मोठं सगळं कालवलेलं असतं, निवडून-टिपून कुणी ठेवलेलं नसतं. 

खाली येऊन ती सावित्राबाईंच्या ओटीवर टेकली. त्यांनी कोरा चहा दिला. कप हातात घेऊन कोमल समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भिंत तांबड्या मातीने सारवलेली होती, नीट, गुळगुळीत, कुठे खड्याचा ओरखडा नाही. ही भिंत ती नोव्हेंबरपासून बघत होती.

"मावशी," तिने विचारलं, "ही माती कुठली?"

"वरली," सावित्राबाई म्हणाल्या. "पूर्वेच्या कड्याखालची. दुसरी कुटली आसंल?"

मग त्यांनी सगळं सांगितलं, भाजी कशी करावी हे सांगावं इतक्या सहज. घटाच्या आधी, भिंती सारवायच्या दिवसांत, वाडीतल्या बाया पहाटे वर जातात. माती वर कड्याशी आहे, करवंदीच्या जाळीमागे. पण तिथे मोहळं, त्यामुळे बोलायचं नाही, ठोकाठोक करायची नाही, पटापटा खणायचं, पाट्या भरायच्या आणि खाली यायचं. निवडत बसायला तिथे कोण थांबतंय? मात्र खडे घरापर्यंत वाहून आणायचे म्हणजे फुकटचं ओझं. म्हणून ओढ्याकाठच्या सपाटीवर जांभळीच्या सावलीत बसायचं, माती कुटायची, चाळायची. बारीक माती घरी न्यायची आणि खडे तिथेच एका खोलगटात टाकायचे. ओढ्यात टाकायचे नाहीत, खालच्या गावाचं पाणी तांबडं होतं आणि भांडणं लागतात. सावित्राबाईंची सासू तिथेच टाकायची, सासूची सासूही. त्या ढिगावरून किती पावसाळे गेले असतील, तो जांभ्यासारखा घट्ट झाला होता.

"बांगड्या फुटायच्याच की," त्या म्हणाल्या. "कुटताना फुटत्यात."

कोमलने वर न्याल का विचारलं. सावित्राबाईंनी तिला जवळ घेऊन हुंगलं आणि आधी तोंड धुवायला पाठवलं. तोंडाला लावलेल्या क्रीमचा वास माश्यांना चालणार नव्हता. मग दोघी ओढ्याच्या कडेकडेने वर गेल्या, शेवटचा टप्पा तर श्वाससुद्धा बेताने घेत. डोक्यावर कड्याला काळी मोहळं लोंबत होती. करवंदीच्या जाळीतून वाकून आत गेल्यावर कोमलला तो दिसला, हातभर जाडीचा, विटेच्या रंगाचा, वरच्या काळ्या दगडाला नीट चिकटलेला थर. पिढ्यान्‌पिढ्यांच्या खणण्याने त्यात माणूस बसेल एवढ्या कपारी पडल्या होत्या. तिने जीपीएस काढलं, त्यावरचा आकडा बघितला, पुसून पुन्हा बघितला. आठशे वीस.

डोंगर घसरलेला नव्हता. दोन्हीकडे थर एकाच पातळीत होता. घसरली होती ती फक्त माती, तीही बायांच्या डोक्यावरून.

उतरताना कोमलला आधी आनंद झाला, कारण तिने स्वतःच्या डोळ्यांनी काहीतरी शोधलं होतं, आणि आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. पण हा आनंद जांभळीपर्यंतच टिकला. तिथे आल्यावर तिला व्हरांड्यातला काचेतला नकाशा आठवला. अडीच महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला कसं सांगायचं की तुमचा भ्रंश म्हणजे कळकवाडीच्या बायांनी चाळून टाकलेल्या खड्यांचा ढीग आहे? शिवाय स्वतःचा स्वार्थ होताच. चाळीस पानं फुकट जाणार, दिवस बारा, आणि पुढच्या प्रवेशाचं शिफारसपत्र सरांच्याच हातात.

वर्गातल्या एका मैत्रिणीने फोनवर व्यवहाराचा सल्ला दिला. खोटं लिहू नकोस, पण खरं तरी कशाला लिहितेस? वरच्या कड्याला मोहळं आहेत, तिकडे जाता आलं नाही, असं एक वाक्य टाक आणि मोकळी हो. सर खूश, तू पास. कोमलने ते वाक्य टाइपही केलं. वाचायला अगदी छान वाटत होतं.

रात्री जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. दत्तोबांना भ्रंश कळला नाही, पण बाकीचं बरोबर कळलं.

"आमच्याकडं खराब माल निघाला ना," ते भात कालवत म्हणाले, "तर वर चांगलं लेबल लावून पुढं ढकलता येतो. कुनाला कळत न्हाई. पन तो पुढं कुनाच्या तरी मशीनमदी आडकतो." जरा थांबून म्हणाले, "आन त्या सरांना माल तपासून पायजे म्हनूनच त्यांनी तुला धाडलं ना? का नुसता शिक्का मारायला?"

 जेवण झाल्यावर कोमलने ते मोहळांचं वाक्य पुसलं. सकाळी सरांना फोन करून जे घडलं ते क्रमाने सांगितलं, बांगडी, खडे, बायांचं चाळणं, आठशे वीस.  मग सर म्हणाले, "उद्या येतो," आणि त्यांनी फोन ठेवला.

ते आपली जुनी वॅगनआर घेऊन कामशेतला आले. तिथून पुढे कोमल त्यांच्या गाडीत बसली.   वाडीत सावित्राबाईंना सरांनी हात जोडून नमस्कार केला आणि विचारलं की माती चाळायची चाळण जरा मिळेल का. मागितली काय तर चाळण, याचं बाईंना नवल वाटलं, पण त्यांनी ती आढ्यावरून काढून दिली आणि स्वतःही मागोमाग निघाल्या.

जांभळीपाशी सर गुडघ्यांवर बसले. कोमलने खणलेल्या खड्ड्याच्या तळातून त्यांनी मूठभर खडे काढले, रुमालावर पसरले, फुंकून साफ केले. मग एकेक करून चाळणीत टाकले आणि चाळण हलवली. एकही खडा खाली पडला नाही. त्यांनी दुसरी मूठ घेतली. तीही पडली नाही. तिसरी त्यांनी घेतली नाही.

"सत्तावीस वर्षं मी पोरांना इथे आणून उभं केलंय," ते म्हणाले.

कोमलला वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. तिने सॉरी म्हटलं.

"तू कशाला?" सर म्हणाले. "वाईट वाटतंय मला, नाही कशाला म्हणू? पण मी गेल्यावर कुणीतरी हे शोधून काढलं असतं, त्यापेक्षा हे बरं. रेघ माझी मोडली आहे, प्रबंध तुझा मोडलेला नाही. भ्रंश नाही हेही संशोधनच असतं. विभागाकडून आठ दिवस वाढवून घेऊ." आणि लगेच आपल्या मूळ स्वभावावर जाऊन त्यांनी विचारलं की वरच्या थराच्या उंचीची किती वेळा नोंद घेतलीस. कोमल म्हणाली दोनदा. ते म्हणाले, पाचदा घ्यायला हवी होती.  सर आपल्यावर रागावलेले नाहीत हे कोमलला त्या पाचावरून कळलं.

मग सर सावित्राबाईंकडे वळले. त्या जरा लांब दगडावर बसून हे सगळं बघत होत्या.

"मावशी, तरुणपणी मी इथे चार दिवस राहिलो होतो. याच ठिकाणी बसून चित्रं काढली. वाडीतल्या कुणीच मला कसं सांगितलं नाही?"

सावित्राबाईंनी त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजी तुमी व्हय ते! चष्म्याचा, बारकुला, हातोडावाला." त्यांनी जांभळीकडे बोट दाखवलं. "मी तितंच पाटी घिऊन हुबी हुते. नवी नवरी. सासू म्हनली, परका मानूस हाय, तोंड फिरव. तुमी आमच्या म्होरनं तीनदा गेला. वाईच बाजूला व्हा म्हनला, चित्रात यायला नको."

"मग तेव्हाच सांगायचं ना," सर म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता.

"तुमी इचारलं कुटं मास्तर?" त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, जे घडलं तेच त्या सांगत होत्या. "तुमी दगडाला इचारत हुता."

 सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. कोमलही खाली बघत राहिली, कारण नोव्हेंबरपासून तीही त्याच बाईच्या अंगणात गाडी लावत होती.

मग सर उठले. ढिगाला वळसा घालून सावित्राबाईंच्या समोर गेले आणि तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी नोंदवही काढली, कोमलकडून पेन घेतलं.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि या डोंगरात आणखी कुठे कुठे ही माती खणतात, तेही."

"समदं?" सावित्राबाईंनी विचारलं. "लय जागा हायती. येळ लागंल."

सर म्हणाले, लागू दे. सावित्राबाईंनी पदर नीट केला आणि डोंगराच्या पार पलीकडच्या टोकापासून सुरुवात केली. वही गुडघ्यावर घेऊन सर लिहीत होते, आणि प्रत्येक जागा लिहून झाली की ती त्यांना वाचून दाखवून विचारत होते, "बरोबर लिहिलंय ना?"